पत्रापासून प्रपत्रापर्यंत

१२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना एक पत्र लिहिलं. मूलभूत भौतिकशास्त्राचं जगातल्या उत्तम केंद्रांच्या तोडीचं एक केंद्र भारतात उभं करावं, ट्रस्टने त्याला पाठबळ द्यावं, म्हणजे वीसेक वर्षांनी अणुऊर्जेपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावं लागणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. हिरोशिमा तेव्हा सतरा महिने दूर होतं. पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, आधी बंगळूरला आणि वर्षअखेर मुंबईत. संशोधनासाठी पैसे मागणाऱ्या भारतीय लेखनाचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर या पत्राला त्यात मानाचं पान मिळेल. मात्र पीएचडीच्या विद्यार्थ्याला अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहावा हे शिकवताना तेच पत्र नमुना म्हणून पुढे ठेवलं, तर त्याची दिशाभूल होईल. या पत्राचा वाचक लिहिणाऱ्याला पुरता ओळखत होता. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई या भाभांच्या आत्या. पत्राला पानांची मर्यादा नव्हती, अंतिम तारीख नव्हती, आणि मुख्य म्हणजे ते नाव न कळणाऱ्या तीन परीक्षकांच्या टेबलावर जाऊन पडणार नव्हतं. भाभांच्या पत्रात आणि आजच्या ऑनलाइन प्रपत्रात जो फरक आहे तो शैलीचा कमी आणि वाचणाऱ्याचा जास्त. या लेखाचं म्हणणं एवढंच की संशोधन-प्रस्तावाचा इतिहास हा मुळात तो वाचणाऱ्यांचा इतिहास आहे, आणि म्हणून परीक्षण न शिकवता नुसतं प्रस्तावलेखन शिकवणं म्हणजे निम्मी विद्या हातची राखून ठेवणं आहे.

झालेल्या कामाला बक्षीस देण्याची रीत जुनी. न झालेल्या कामाला पैसे देण्याची रीत त्या मानाने नवी, आणि तिच्यात पहिल्यापासून एक पेच आहे: जे अजून अस्तित्वातच नाही त्याची पारख करायची कोणी? इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजच्या गणकयंत्राला सरकारने १८२३पासून पैसे दिले. देण्याआधी रॉयल सोसायटीचं मत घेतलं आणि ते अनुकूल आलं. सतरा हजार पौंडांहून अधिक खर्च होऊनही यंत्र पुरं होईना, तेव्हा १८४२ साली सरकारने राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांना विचारलं. त्यांनी यंत्र निरुपयोगी ठरवलं आणि प्रकरण मिटलं. एकोणीस वर्षांपूर्वी सुरू झालेलं काम एका माणसाच्या शेऱ्यावर कायमचं बंद पडलं. एअरींचं मत बरोबर होतं की चूक, यावर अजूनही वाद घालता येईल. इथे महत्त्वाचं ते हे, की बॅबेजसारख्या माणसालाही आपला वाचक कोण आहे आणि तो कशाच्या आधारे निकाल देणार आहे, याचा नीट अंदाज नव्हता. सात वर्षांनी, १८४९ साली, पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनी वैज्ञानिक कामासाठी वर्षाला हजार पौंड रॉयल सोसायटीच्या हाती सोपवण्याची तयारी दाखवली. वाटप सोसायटीच्या समितीने करायचं. १८७६मध्ये आणखी चार हजारांची भर पडली. सरकारी पैसा, पण निवाडा जाणकारांचा, ही घडी इथे बसली. ती बसली तेव्हा जाणकार आणि अर्जदार एकाच वर्तुळात जेवत-खात होते, त्यामुळे अर्ज म्हणजे आधी झालेल्या बोलण्याची लेखी नोंद, याहून त्याला फारसं मोल नव्हतं.

ही ओळखीची दुनिया बराच काळ टिकली. पहिल्या महायुद्धानंतर कंगाल झालेल्या जर्मनीत १९२० साली फ्रित्झ हाबर, फ्रीडरिश श्मिट-ओट आदींनी विज्ञानाला सावरण्यासाठी ‘नोटगेमाइनशाफ्ट’ नावाची संस्था काढली. विषयवार समित्यांनी अर्ज तपासायचे, अशी तिची पद्धत होती. जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी तिला केलेल्या अर्जाचा किस्सा प्रयोगशाळांमधून आजही सांगितला जातो: मला दहा हजार मार्क हवे आहेत, खाली सही, बस. पैसे मिळाले. किश्श्याला तिखटमीठ लागलं असेलही, पण तो ज्या आवडीने सांगितला जातो त्यावरून आजच्या संशोधकाला कशाचा हेवा वाटतो ते कळतं. तो हेवा वारबुर्गच्या लेखणीचा नाही, त्याच्या वाचकाचा आहे. अमेरिकेत रॉकफेलर फाउंडेशनचे वॉरन वीव्हर १९३२पासून नैसर्गिक विज्ञानांचा विभाग सांभाळत होते. तिथले अधिकारी प्रयोगशाळा पालथ्या घालत, माणसं पारखत, रोजनिशी लिहीत आणि मग निर्णय घेत. अर्जदाराने वाचकाकडे जाण्याऐवजी वाचकच अर्जदाराच्या दारात येई. पुण्यात याच काळात घडलेलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली हाती घेतलं, त्यामागे औंधचे अधिपती बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी देऊ केलेले एक लाख रुपये होते. राजाश्रयाचीच ही रीत. पण संस्थेने पुढे काय केलं ते पाहा. १९२३मध्ये ना. बा. उटगीकरांनी संपादित केलेल्या विराटपर्वाची एक प्राथमिक आवृत्ती काढून ती जाणत्या संस्कृतज्ञांच्या मतांसाठी पाठवली. त्या मतांचा विचार होऊन प्रमुख संपादक सुकथनकर यांच्या हाताखाली पद्धत पक्की झाली आणि १९६६ साली काम तडीस गेलं. दाता एक आणि परीक्षक अनेक, परीक्षकांच्या हाती आश्वासनाऐवजी नमुन्याचं काम, आणि टीका मागवली ती सुधारण्यासाठी. आज प्रस्तावाबरोबर प्राथमिक निष्कर्ष जोडा म्हणून जे विद्यार्थ्यांना बजावलं जातं, ते याहून वेगळं काय आहे?

वाचक खऱ्या अर्थाने अनोळखी झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि अमेरिकेत. युद्धकाळातले वैद्यकीय संशोधनाचे करार बंद न करता १९४६च्या सुरुवातीला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थकडे, म्हणजे पुढच्या काळातल्या एनआयएचकडे, सोपवले गेले. डॉ. कॅसियस व्हॅन स्लाइक यांच्या हाताखाली एक अनुदान-कार्यालय निघालं आणि विषयवार तज्ज्ञांच्या ‘स्टडी सेक्शन’ नावाच्या समित्या नेमल्या गेल्या. समितीने गुणवत्ता ठरवायची, वरच्या सल्लागार मंडळाने मंजुरी द्यायची. ही दुपदरी रचना आजही तशीच आहे. १९४७ साली अनुदानाची रक्कम चाळीस लाख डॉलरच्या आसपास होती, १९५७मध्ये ती दहा कोटींच्या वर गेली. व्हॅनेव्हर बुश यांच्या १९४५च्या अहवालातून निघालेली नॅशनल सायन्स फाउंडेशन, म्हणजे एनएसएफ, १९५० साली कायद्याने स्थापन झाली, आणि तिने १९५२पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना थेट शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली. पैसा वाढला तसे अर्जदार वाढले, आणि समितीतल्या माणसाने अर्जदाराचं नावही ऐकलेलं नसण्याची शक्यता वाढत गेली. तरी या पहिल्या पंचवीसेक वर्षांत प्रस्ताव लिहायला शिकवण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. पुष्कळांचे मार्गदर्शक कुठल्या ना कुठल्या समितीवर असत. समितीत काय बोललं जातं, कुठल्या वाक्याला भुवया उंचावतात, हे ते प्रयोगशाळेत चहा पिता पिता सांगत. ज्यांचे मार्गदर्शक समितीवर नसत, त्यांना ते कोणीच सांगत नसे. आपल्याकडे घराण्यातल्या चीजा जशा पोटच्या मुलाला किंवा लाडक्या शिष्यालाच मिळत, तसाच हा प्रकार होता.

ही घराणेशाही मोडली ती शिक्षणतज्ज्ञांनी नव्हे, राजकारण्यांनी. मार्च १९७५मध्ये सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी सरकारी उधळपट्टीला द्यायचा आपला उपहासाचा ‘गोल्डन फ्लीस’ पुरस्कार सुरू केला, आणि त्याचा पहिला मानकरी एनएसएफने मंजूर केलेला प्रेमभावनेवरचा एक अभ्यास ठरवला. त्याच सुमारास अमेरिकी काँग्रेसमधले काही सदस्य विचारत होते, की परीक्षकांचे मूळ अभिप्राय दडवून ठेवून कार्यक्रम-अधिकारी आपल्या मर्जीतल्यांना पैसे वाटत नाहीत कशावरून? एनएसएफचं प्रत्येक अनुदान काँग्रेसच्या नजरेखालून जावं, अशी दुरुस्ती प्रतिनिधीगृहाने मंजूरही केली होती. ती पुढे टिकली नाही. १९७५च्या उन्हाळ्यात यावर सुनावण्या झाल्या. विज्ञानवाल्यांनी आपली स्वायत्तता वाचवली, पण किंमत मोजून: १९७६पासून परीक्षकांचे अभिप्राय, नाव वगळून, शब्दशः अर्जदाराला मिळू लागले. एनआयएचकडचे सारांशही याच दशकात अर्जदारांच्या हाती येऊ लागले. ते गुलाबी कागदावर असत, म्हणून बोलीभाषेत त्यांचं नाव ‘पिंक शीट’. मला या घटनेचं महत्त्व तिच्या राजकारणापेक्षा जास्त वाटतं. आपल्याविषयी वाचकाला नेमकं काय वाटलं, हे सामान्य अर्जदाराला पहिल्यांदा पांढऱ्यावर काळं दिसलं. जे दिसतं तेच शिकवता येतं. प्रस्तावलेखन हा शिकवण्याजोगा विषय झाला तो या कागदांमुळे, असं माझं मत आहे.

अभ्यासकांचं लक्षही त्यानंतरच इकडे वळलं. ग्रेग मायर्स यांनी १९८५मध्ये दोन जीवशास्त्रज्ञांच्या प्रस्तावांचे एकामागून एक खर्डे तपासले आणि दाखवलं, की खर्ड्यागणिक विज्ञान फारसं बदलत नाही, बदलतो तो लिहिणाऱ्याने वाचकासमोर घेतलेला पवित्रा: दावा कुठे सौम्य करायचा, कोणाच्या कामाचा हवाला आधी द्यायचा, स्वतःला किती नवखं आणि किती मुरलेलं दाखवायचं. जॉन स्वेल्स यांनी १९९६मध्ये एका नेमक्या गोष्टीवर बोट ठेवलं. विद्याक्षेत्रात काही लेखनप्रकार चव्हाट्यावर असतात, जसे शोधनिबंध, आणि काही पडद्याआडचे असतात, जसे परीक्षकांचे अभिप्राय किंवा संपादकाला पाठवलेली पत्रं. पडद्याआडचा प्रकार नवख्याला कधी वाचायलाच मिळत नाही, आणि मग तो एक दिवस अचानक त्याला लिहावा लागतो. प्रस्ताव अर्धा पडद्याआड आहे, परीक्षण पूर्ण. १९७६ने अर्जदाराला त्याच्यापुरता पडदा वर करून दिला. पण दुसऱ्याच्या प्रस्तावावर चार माणसं भांडतात कशी, हे बघण्याची सोय झाली नाही. गोपनीयतेचे नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत, कारण प्रस्तावात अजून न छापलेली कल्पना असते. म्हणून अनुभवी परीक्षकाजवळ बसून शिकण्याचा मार्ग इथे बंद आहे. एनआयएचने २०११मध्ये नवोदितांना समितीवर घेण्याची योजना काढली, पण तीही नोकरीला लागलेल्या तरुण प्राध्यापकांसाठी होती, विद्यार्थ्यांसाठी नव्हे.

उरतो तो मार्ग लुटुपुटूच्या समितीचा. अमेरिकी विद्यापीठांतल्या अनेक अभ्यासक्रमांत आता हे करतात: लेखकाच्या संमतीने जुने प्रस्ताव, काही मंजूर, काही नामंजूर, विद्यार्थ्यांत वाटायचे. प्रत्येक प्रस्तावाला तीन परीक्षक नेमायचे, लेखी अभिप्राय घ्यायचे, आणि मग सगळ्यांनी गोल बसून गुण ठरवायचे. एनआयएचची पद्धत इथे जशीच्या तशी उतरवता येते, म्हणून ती कशी चालते ते सांगितलं पाहिजे. खऱ्या समितीत वीसेक माणसं असतात, एका प्रस्तावाला नेमलेले परीक्षक साधारण तीन. प्राथमिक गुणांत खालच्या निम्म्यात गेलेल्या बऱ्याचशा प्रस्तावांवर चर्चाच होत नाही. ज्यांवर होते, त्यांना सगळी समिती गुण देते, एक म्हणजे उत्तम आणि नऊ म्हणजे वाईट, पण त्यातल्या बहुतेकांनी तो प्रस्ताव मुळापासून वाचलेला नसतो. ते तिघांचं बोलणं ऐकतात आणि बोलणं चालू असताना उद्दिष्टांचं पहिलं पान चाळतात. हे एकदा खुर्चीत बसून अनुभवलं की विद्यार्थ्याच्या डोक्यात जो उजेड पडतो, तो ‘पहिलं पान आकर्षक करा’ असं दहादा सांगून पडत नाही. त्याला कळतं, की परीक्षक हा शत्रू नसून होऊ घातलेला वकील आहे, आणि त्या वकिलाला उभं राहून म्हणता येतील अशी दोन-तीन वाक्यं प्रस्तावात हवीत. त्याला हेही कळतं, की चांगला परीक्षक उणीव दाखवून थांबत नाही, ती उणीव प्रकल्प बुडवणारी आहे की दुरुस्त होणारी, हे वेगळं सांगतो. आणि दहा प्रस्ताव वाचून थकलेल्या माणसाला अकरावा वाचताना कशाचा राग येतो, हे दहा वाचल्याशिवाय समजत नाही. २०१०मध्ये एनआयएचने मुख्य अनुदानाच्या संशोधन-आराखड्याची मर्यादा पंचवीस पानांवरून बारावर आणली, ती वाचणाऱ्याचा भार डोळ्यांपुढे ठेवूनच.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो अधिकाराचा: ज्याला विषयाचा आवाका नाही तो परीक्षण काय करणार? आक्षेपात तथ्य आहे. कल्पना खरोखर नवी आहे का, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगता येणार नाही. पण प्रस्तावाची पारख एवढ्यावरच होत नाही. उद्दिष्ट आणि पद्धत यांचा मेळ बसतो का, पहिलं उद्दिष्ट फसलं तर दुसरं कोसळतं का, मागितलेला वेळ कामाला पुरेल का, हे प्रश्न तर्काचे आहेत आणि विद्यार्थी ते बऱ्यापैकी सोडवतो. समितीतल्या वीसांपैकी सतराजण तरी त्या उपविषयाचे तज्ज्ञ कुठे असतात?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. स्टीफन कोल, जोनाथन कोल आणि गॅरी सायमन यांनी १९८१मध्ये एनएसएफचे १५० प्रस्ताव नव्याने निवडलेल्या परीक्षकांकडे पाठवले आणि निष्कर्ष काढला, की प्रस्तावाचं भवितव्य निम्मं गुणवत्तेवर आणि निम्मं परीक्षक कोण मिळाला या नशिबावर ठरतं. विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २०१८मध्ये ४३ परीक्षकांना २५ प्रस्ताव वाचायला देऊन लुटुपुटूच्या समित्याच बसवल्या, तर एकाच प्रस्तावाबद्दल परीक्षकांमध्ये जवळजवळ काहीच एकमत आढळेना. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३पासून एका योजनेत उंबरठा ओलांडलेल्या प्रस्तावांतून सरळ सोडत काढायला सुरुवात केली. मग मटक्याचे नियम कसले शिकवायचे? या पुराव्यातला एक बारकावा मात्र सुटता कामा नये. विस्कॉन्सिनच्या प्रयोगातल्या सगळ्या प्रस्तावांना आधीच अनुदान मिळालेलं होतं, म्हणजे निवडलेल्यांत निवड करायची होती. तिथे मतभेद होणारच, जसे दोन चांगल्या गायकांत डावं-उजवं करताना होतात. सोडतसुद्धा उंबरठा ओलांडल्यावरची आहे, आणि उंबरठा परीक्षकच ठरवतात. शिवाय परीक्षण इतकं डळमळीत असेल, तर परीक्षक घडवण्याचं काम अधिकच निकडीचं ठरतं. आजचे विद्यार्थी पंधरा वर्षांनी त्याच खुर्च्यांवर बसणार आहेत, आणि तोवर त्यांना कोणी काही शिकवलं नाही, तर तेही आपापल्या मार्गदर्शकाच्या आवडीनिवडी पुढे चालवतील.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो: अशा शिकवणुकीने प्रस्ताव गुळगुळीत होतील, सगळे एका साच्यातून निघाल्यासारखे दिसतील, आणि विक्रीकला विज्ञानाची जागा घेईल. नुसतं लेखन शिकवलं तर असंच होतं, हे मान्य केलं पाहिजे. साचा देणारी पुस्तकं आणि शुल्क घेऊन प्रस्ताव घासूनपुसून देणारे सल्लागार यांचा व्यवसाय त्यावरच चालतो. पण साच्यावरचा उताराही परीक्षणातच आहे. एकाच बैठकीत पाच प्रस्तावांत तेच ठेवणीतले शब्द भेटले की विद्यार्थी ते आपल्या खर्ड्यातून स्वतःच खोडतो. भातखंडे यांनी घराण्यांच्या चीजा स्वरलिपीत छापल्या तेव्हा नुसत्या पुस्तकाने गवई होतील का, असं विचारलं गेलं. पुस्तकाने होत नाहीत. कान तयार व्हावा लागतो. परीक्षण म्हणजे तो कान.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. अमेरिकी विद्यार्थ्याला एनएसएफच्या शिष्यवृत्तीसाठीच संशोधनाचा आराखडा लिहावा लागतो, आणि तिथल्या कित्येक रसायनशास्त्र विभागांत पीएचडीच्या पात्रता परीक्षेत स्वतंत्र मूळ प्रस्ताव मांडून त्याचा बचाव करावा लागतो. आपल्याकडे बहुसंख्य संशोधक-विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती नेट परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नांवर ठरते. नोंदणीसाठी समितीपुढे सिनॉप्सिस ठेवावा लागतो खरा, पण त्यावरची चर्चा पुष्कळदा शीर्षकातल्या शब्दांवरच संपते. पंतप्रधान संशोधन फेलोशिपसारखे अपवाद आहेत, आणि वेलकम ट्रस्ट व जैवतंत्रज्ञान विभागाच्या इंडिया अलायन्सने लेखनाच्या कार्यशाळाही घेतल्या आहेत. तरी सर्वसाधारण राज्य विद्यापीठातला विद्यार्थी पहिला प्रस्ताव लिहितो तो नोकरी लागल्यावर, एकट्याने, कोणाचा तरी जुना अर्ज समोर ठेवून. पैसा मात्र आता वाढतो आहे: २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झालं आणि पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे करण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. त्यात तत्त्वज्ञान, वैज्ञानिक वर्तन, प्रकाशन-नीती, मुक्त प्रकाशन, गैरप्रकार आणि संशोधनाची मोजमापं असे सहा घटक आहेत. अनुदानाचा प्रस्ताव वाचायचा कसा, हा सातवा घटक त्यात नाही. तो येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. ज्या प्राध्यापकांच्या कपाटात नामंजूर झालेला एखादा जुना प्रस्ताव त्यावरच्या अभिप्रायांसकट पडून असेल, त्यांनी तो विभागाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांसाठी ठेवावा.